नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत अंतर अवघ्या एका मात्रेचे. बारशाला आपण पहिले करतो आणि पाहुण्यांची पाठ वळली की दुसरे. एका वनस्पतीच्या बाबतीत मात्र मराठी समाजाने ही दोन्ही कामे एकाच दमात उरकली. तिचे नाव 'काँग्रेस गवत'. गेली कित्येक वर्षे रस्त्याच्या कडेला, गायरानात, बांधावर, पडीक प्लॉटांवर, शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात हे झाड आपण पाहत आलो आहोत, आणि त्याला हे नाव देऊन ते आपल्याला समजले आहे अशा समजुतीत राहिलो आहोत. आमचे म्हणणे असे, की या नावाने आपल्याला काहीच समजलेले नाही. उलट, समजून घेण्याच्या कामातून आपली परस्पर सुटका झाली आहे.

या झाडाला मराठीत निदान तीन नावे आहेत. 'गाजर गवत' हे त्यांतले सर्वांत सभ्य आणि सरकारी. कृषिखात्याच्या पत्रकांत तेच असते. पाने गाजराच्या पानांसारखी दिसतात म्हणून गाजर, आणि माजते म्हणून गवत. वास्तविक ते गाजरही नव्हे आणि गवतही नव्हे. ते सूर्यफूल, शेवंती आणि झेंडू यांच्या कुळातले आहे. दुसरे नाव 'चटक चांदणी'. हे ज्याने कोणी ठेवले त्याने ते फुलोऱ्यात, थोड्या अंतरावरून पाहिले असले पाहिजे. तिसरे 'काँग्रेस गवत'. त्याची व्युत्पत्ती लोक तीन प्रकारे सांगतात. अमेरिकेच्या काँग्रेसने मंजूर केलेल्या गव्हाबरोबर आले म्हणून. पांढरी फुले गांधीटोप्यांसारखी दिसतात म्हणून. आणि ज्या काळात ते पसरले त्या काळात तो पक्षही असाच सर्वत्र पसरलेला होता म्हणून. तिन्ही व्युत्पत्ती म्हणजे उपहास आहे, आणि उपहास म्हणून त्या वाईट नाहीत. आमचे भांडण उपहासाशी नाही. उपहासालाच स्पष्टीकरण मानण्याशी आहे.

गव्हाची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. स्वातंत्र्यानंतर अन्नटंचाई होती, अमेरिकेने 'पीएल ४८०' खाली गहू पाठवला, त्यात या तणाचे बी होते, आणि पुण्याहून ते देशभर गेले. गावोगावी या कथेची आणखी एक आवृत्ती आहे: १९७२ च्या दुष्काळात आलेल्या लाल 'मिलो' ज्वारीबरोबर ते आले. आता तारखा पाहू. 'पीएल ४८०' हा अमेरिकी कायदा १९५४ चा. त्याखालचा भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. पुण्यात हे झाड वाढत असल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञांनी टिपले ते १९५५ साली, म्हणजे कराराच्या आधी. ती नोंद १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकी गहू त्याहीपूर्वी, १९५१ च्या कर्जातून आला होता. तेव्हा धान्याची वाट अगदीच बाद होत नाही. पण कथेतला 'पीएल ४८०' हा तपशील तारखांपुढे टिकत नाही, आणि 'मिलो' तर त्याहून नाही. आणखी मागे गेल्यास कथा अधिकच अवघडते. विल्यम रॉक्सबर्ग यांनी कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानातील झाडांची जी यादी केली आणि जी १८१४ साली छापली गेली, तीत या झाडाचे नाव आहे. म्हणजे भारताच्या भूमीवर हे झाड पहिल्यांदा आले ते बहुधा बागेत, शास्त्रीय कुतूहलापोटी, कुणाच्या तरी हाताने जपून लावलेले.

यावरून गव्हाबरोबर बी आलेच नसेल असे सिद्ध होत नाही. एकाच वनस्पतीचे बी अनेकदा, अनेक वाटांनी येऊ शकते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये हेच तण मोठ्या प्रमाणावर पसरले ते अमेरिकेतून मागवलेल्या चाऱ्याच्या गवताच्या बियाण्यातून. तिथे ना दुष्काळ होता, ना मदतीचा गहू. मुद्दा असा, की आपण कागदपत्रे न पाहता एक कथा स्वीकारली आणि वर्गावर्गांतून, अग्रलेखांतून, भाषणांतून तिचे पाठांतर केले. ज्यांचा व्यवसायच संहिता तपासण्याचा आहे त्या आम्हां साहित्याच्या लोकांनीही ती तपासली नाही.

इथे कोणी म्हणेल, की तुम्ही अमेरिकेला निर्दोष ठरवता आहात. मुळीच नाही. अन्नाच्या मदतीमागे राजकारण होते. १९६५ नंतरच्या दोन दुष्काळी वर्षांत जॉन्सन प्रशासनाने गहू जहाजागणिक, हात राखून सोडला आणि त्या बदल्यात धोरणे वाकवण्याचा प्रयत्न केला, हा नोंदलेला इतिहास आहे. त्या इतिहासावर टीका करायची तर त्याच्या कागदपत्रांवरून करावी. रस्त्याकडेच्या झाडाला साक्षीला उभे करून ती टीका अधिक खरी होत नाही. फक्त सोपी होते.

ही कथा इतकी आवडती का आहे? कारण तिच्यात अपराधी बाहेरचा आहे. तण परके, ते पाठवणारा परका, आपण केवळ बळी. या मांडणीत 'परके' हा शब्द सारे ओझे वाहतो. म्हणून त्याच शब्दाला थोडे टोकरून पाहू. दसऱ्याला आपण दाराला ज्याचे तोरण लावतो तो झेंडू मेक्सिकोच्या बाजूचा, याच झाडाच्या कुळातला आणि मुलखातला. ठेच्याची मिरची अमेरिका खंडातून आली. उपासाचा बटाटा, साबुदाणा ज्यापासून होतो तो कंद, खिचडीतले शेंगदाणे हे सगळे त्याच खंडातले. एकादशीचे ताट परक्या वनस्पतींनी भरलेले असते आणि त्याने कोणाचे देशीपण बाटत नाही. तेव्हा परकेपणा हा गुन्हा नव्हे. गुन्हा असलाच तर तो वनस्पती इथे येऊन काय करते यात शोधायला हवा. आणि त्यासाठी वाकून पाहावे लागते.

वाकून पाहिल्यावर काय दिसते? बी रुजले की पाने जमिनीलगत ताटलीसारखी पसरतात आणि खालच्या गवताचा उजेड अडवतात. मग मधून देठ वर येतो. रुजल्यापासून साधारण महिन्याभरात फूल दिसू लागते. पाणी मिळाले तर बारा महिने पिढ्यांमागून पिढ्या चालू राहतात. एक जोमदार झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया टाकते. बी इतके हलके, की ते वाऱ्याने, पाण्याने, गाडीच्या चाकांना लागलेल्या चिखलाने, वाळूच्या ट्रकने आणि शेणखताने जाते. पार्थेनिन नावाचे आणि इतर काही द्रव्ये मुळांतून व कुजणाऱ्या पानांतून मातीत उतरतात आणि शेजारच्या बियांचे रुजणे रोखतात. त्याचे पराग टोमॅटो, वांगी, मिरची यांच्या फुलांवर बसले तर फळधारणा घटते, असे प्रयोगांत आढळले आहे. गुरे ते टाळतात. दुसरे काहीच नसल्याने खाल्ले तर दूध कडवट होते.

मूळ देश कोणता हा प्रश्न इथे, आणि इथेच, उपयोगाचा ठरतो. अमेरिका खंडात या झाडाला खाणारे किडे आहेत. इथे ते त्याच्याबरोबर आले नाहीत, म्हणून ते बेबंद झाले. शास्त्रज्ञांनी हे ओळखून १९८३ च्या सुमारास मेक्सिकोतून एक भुंगा, झायगोग्रामा बायकोलोराटा, बंगळूरला आणला आणि चाचण्यांनंतर मोकळा सोडला. मराठवाड्यात, विदर्भात, पश्चिम महाराष्ट्रात आज पावसाळ्यात तो या झाडांची पाने फस्त करताना दिसतो. पाऊस सरला की तो जमिनीत शिरून झोपी जातो आणि झाड पुन्हा डोके वर काढते. मध्यंतरी तो सूर्यफुलावर आढळल्याने वादही झाला. पण गंमत पाहावी: परक्या तणावरचा उपायही परकाच निघाला, आणि त्याला कोणी परका म्हणून हाकलत नाही. उगम ही माहिती आहे. तिचा आरोप करण्याची घाई भाषेने केली. शेतीशास्त्राने केली नाही.

आता हे झाड वाढते कुठे ते पाहा. दाट गवताळ माळावर, जिथे जमीन झाकलेली आहे तिथे, त्याला सहजी शिरकाव मिळत नाही. ते येते उघड्या, उकरलेल्या, सोडून दिलेल्या जमिनीवर: रस्ता रुंद करताना खरवडलेल्या कडेवर, कालव्याच्या भरावावर, अतिचराईने खरडून निघालेल्या गायरानात, बिगरशेती करून कुंपण घालून ठेवलेल्या आणि भाव वाढण्याची वाट पाहणाऱ्या प्लॉटवर. म्हणजे ते तिथे उभे राहते जिथे जमिनीला मालक आहे पण राखणदार नाही, किंवा जी सर्वांची म्हणून कोणाचीच उरलेली नाही. गायराने आक्रसली, उरलेल्यांवर भार वाढला, गवत संपले. त्या रिकाम्या जागेत हे झाड आले. 'अमेरिकेने पाठवले' या वाक्यात गायरानाची ही सगळी गोष्ट बुडून जाते. कारण तिच्यातली पात्रे आपल्याच ग्रामपंचायतीतली, तालुक्यातली आणि शहरातली आहेत.

त्या गायरानावर कोणाचे पोट होते? ज्याच्याकडे स्वतःची जमीन आहे, विहीर आहे, तो चारा पेरू शकतो. शेळ्या घेऊन फिरणारी विधवा, मेंढपाळ, भूमिहीन मजूर यांना तो पर्याय नाही. त्यांच्यासाठी काठावरचे गवत हीच शेती. त्यांची चराई हिरवीगार दिसत असताना नाहीशी झाली. दुष्काळात निदान जमीन उघडी दिसते, नुकसान डोळ्यांना कळते. इथे सगळे हिरवे आहे आणि खायला काही नाही. आमच्या पाठ्यपुस्तकांतल्या निसर्गवर्णनांनी 'हिरवेगार' हा शब्द समृद्धीशी इतका घट्ट बांधून ठेवला आहे, की हा अनुभव व्यक्त करायला आम्हांला शब्दच सापडत नाही.

दुसरे नुकसान कातडीवर लिहिलेले आहे. सत्तरच्या दशकात पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या झाडाच्या संसर्गाने होणाऱ्या त्वचादाहाची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत केली. पापण्या, मान, कोपराचे व गुडघ्याचे वळ इथली कातडी लाल होते, खाजते, पुढे जाड आणि काळी पडते. झाडाला हात लावायलाच हवा असे नाही. वाळलेल्या झाडाची हवेत उडणारी धूळ पुरते. एकदा शरीराला त्याचे वावडे जडले की अनेकांच्या बाबतीत ते जन्मभर राहते, आणि शेतावर जाणे हाच रोग होऊन बसतो. या सुरुवातीच्या नोंदींत पुरुष रुग्णांची संख्या बायकांपेक्षा पुष्कळ जास्त दिसते. खुरपणी मात्र आपल्याकडे बायकांचे काम. याला वैद्यकीय कारण असू शकेल. अंगभर लुगडे आणि डोईवर पदर याने काही बचाव होत असेल. पण नोंदवही वाचताना गाळलेल्या जागाही वाचाव्यात असे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. मग हेही विचारायला हवे, की अंगाला खाज सुटली म्हणून दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याच्या किंवा पुण्याच्या दवाखान्यात जाणे त्या काळी कोणाला शक्य होते.

खुरपणाऱ्या बाईचा उल्लेख आला, तेव्हा 'तण' या शब्दाकडेच वळू. आम्ही समीक्षक हा शब्द फार सैल हाताने वापरतो. साहित्यात तण माजले, भाषेत परक्या शब्दांचे तण शिरले, अमुक प्रवृत्तीचे तण समूळ उपटले पाहिजे! आणि साहित्याच्या बाहेर, शहरांत पोटासाठी आलेल्या माणसांविषयी बोलतानाही हेच रूपक हळूच पुढे सरकवले जाते: उपरे, माजलेले, उपटून टाकण्याजोगे. या रूपकामागे एक समजूत असते, की पीक आणि तण ही निसर्गानेच आखलेली, कायमची विभागणी आहे. शेतात राबणाऱ्या बाईला विचारावे. घोळ, तांदुळजा, कुर्डू, केना, पाथरी, टाकळा ही सगळी पिकातून उपटायची झाडे. आणि संध्याकाळी पदरात बांधून घरी न्यायची भाजीही तीच. हरळी बांधावर माती धरते, शेतात शिरली की हैराण करते आणि गणपतीला दूर्वा म्हणून वाहिली जाते. आघाडा तण आहे, औषध आहे, आणि पत्रीतही आहे. तण ही जात नव्हे. ते एका जागेचे आणि एका वेळेचे नाते आहे, आणि ते नाते ठरवणारी नजर अतिशय बारीक असते.

त्या नजरेला गाजर गवत वेगळे दिसते ते यामुळे, की ते कोणत्याच नात्यात बसत नाही. ना भाजी, ना चारा, ना सरपण म्हणण्यासारखे, ना पूजेचे. आणि ते एकटे येत नाही. ते बांधावर आले की घोळ, तांदुळजा यांना रुजायला जागा उरत नाही. म्हणजे पिकाचे जे नुकसान क्विंटलांत मोजले जाते त्याच्या पलीकडे, कुठेही न मोजलेले एक नुकसान आहे: पावसाळ्यात फुकट मिळणारी भाजी गेली. ते कोणत्या अहवालात कसे मांडणार? ते मांडण्याची भाषा साहित्याकडे असायला हवी होती. आमच्याकडे 'काँग्रेस गवत' होते, आणि त्यावर टाळ्या घेणारी कोटी होती.

खुरपणीच्या प्रश्नाला आता बाजाराने आपले उत्तर दिले आहे. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर मजुरी परवडत नाही, म्हणून तणनाशक. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने तणनाशक सहन करणारे, मान्यता नसलेले कापसाचे बियाणे जाहीरपणे पेरले. ते पाऊल योग्य की अयोग्य यावर मतभेद आहेत, आमच्यातही आहेत. पण कायदा मोडून पेरायला माणूस तयार होतो इतका तणाचा भार मोठा आहे, हे त्या पेरणीतून जे वाचता येते ते तरी वाचावे. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटची फवारणी केवळ परवानाधारक कीड-नियंत्रकांमार्फत करण्याचा आदेश काढला. पंप पाठीला लावून स्वतःच्या बांधावर फवारणाऱ्या माणसाला हे कलम कसे लागू करायचे, याचे उत्तर त्या कागदात शोधणे हीही एक वाचनाची कसरत आहे. आणि फवारणीने तण जळते तेव्हा घोळ आणि तांदुळजाही जळतात. पीक आणि तण यांच्यातला तो बारीक विवेक औषधाला नसतो.

देशीवादावर मराठीत इतकी वर्षे चर्चा झाली. आपल्या मातीतून लिहावे, आपल्या भाषेतून पाहावे, या आग्रहाचा आम्ही आदर करतो. पण मातीतून लिहायचे म्हणजे काय, याची कसोटी अशा ठिकाणी लागते. मूळचे आणि बाहेरचे अशी यादी करणे हे मातीतून पाहणे नव्हे; ती कारकुनी झाली. कोकणात आणि गोव्यात अमेरिका खंडातूनच आलेल्या एका झुडपाला लोक 'रानमोडी' म्हणतात. रान मोडते ती रानमोडी. या नावात ती कोठून आली याचा पत्ता नाही, कोण्या पक्षाची टिंगल नाही, कोण्या देशाला शिवी नाही. ती काय करते ते मात्र चार अक्षरांत आहे. नाव ठेवणाऱ्याने रानाकडे पाहिले होते आणि काही काळ पाहत राहिला होता. आमच्या मते देशी नजर म्हणतात ती हीच. 'काँग्रेस गवत' हे नाव ठेवणाऱ्याने वर्तमानपत्राकडे पाहिले होते.

यावर कोणी विचारील, की नाव बदलल्याने झाड जाणार आहे काय? जाणार नाही. ते जाण्याचे मार्ग ठाऊक आहेत आणि ते रटाळ आहेत: फुलोऱ्याआधी उपटणे, हातांत मोजे घालून, ओल असताना, मुळासकट, उपटलेल्याचे खत करणे, मोकळ्या जागी तरोट्याचे बी टाकणे, म्हणजे तरोटा दाटीने उगवून त्याला जागा देत नाही, भुंगा सोडणे, आणि सर्वांत कठीण म्हणजे उघडी जमीन पुन्हा गवताने झाकणे. यांतले काहीही एका शेतकऱ्याने एकट्याने करून भागत नाही. शेजारच्या प्लॉटवरचे बी त्याच्या शेतात उडून येणारच. हे सारे गावाने, नगरपालिकेने, रस्तेखात्याने, बंद प्लॉटच्या मालकाने मिळून करायचे काम आहे. आणि जोवर अपराधी समुद्रापलीकडे आहे अशी आपली खात्री आहे तोवर या मंडळींपैकी कोणालाही जाब विचारण्याचे आपल्याला सुचणार नाही. चुकीच्या नावाची किंमत ही अशी असते. ती नाव ठेवणारा भरत नाही. शेळ्या राखणारी भरते.

हे झाड आपल्याला, शहरी वाचकांना, ओळखू येते ते पांढऱ्या चांदण्या फुलल्यावर. उपटण्याची वेळ तेव्हा उलटलेली असते. बी धरू लागलेले असते आणि हलवले की परागही उडतात. ज्या बाया त्याला नुसत्या पानावरून, ते जमिनीला चिकटलेले असतानाच ओळखतात, त्या वेळेत पोचतात. आमच्या महाविद्यालयांच्या कुंपणाला लागून ते याही पावसाळ्यात रुजेल. मराठीच्या विभागाने एकदा तास सोडून, मोजे घालून तिथवर जावे, आणि त्याच्या आसपास अजून काय काय तगून आहे याची नावे शिकून परत यावे. ती नावे सांगू शकणारी माणसे बहुधा महाविद्यालयाच्या आवारातच झाडू मारत असतील.